मोहित्यांच्या पोटातले सात पॉलिप

सुदामा नगरात पंढरीनाथ मोहित्यांना कोणी डॉक्टर म्हणत नसे, पण पोटात जरा जळजळलं की पावलं त्यांच्याच ओट्याकडे वळत. पणजोबा होळकरांच्या घोडदळात. हे पाणीखात्यातून निवृत्त. घोडा गेला, पाना गेला, रुबाब तेवढा उरला. सदऱ्याच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, मग वर पोहे-जिलबी, कचोरी, मूठभर शेव. “पोटानं माणसाला घाबरून राहावं,” असं ते सांगत, आणि सांगता सांगता समोरच्याच्या तळहातावरही गोळी ठेवत. शेजारचा तिशीतला भूषण चार वर्षं त्यांच्या शब्दावर ती रोज खात होता.

चैत्रात मोहित्यांचीच मळमळ हटेना, म्हणून दुर्बीण घातली. पोटाच्या अस्तरावर मसुरीएवढे सात उंचवटे निघाले. तुकडा तपासायला गेला. ते आठ दिवस मोहिते फार थोर झाले. हळू बोलत, खिडकीबाहेर बघत, पत्नी कुमुदिनीबाईंनी केलेल्या खिचडीला नावं ठेवत नसत.

रिपोर्ट वाचून डॉक्टर अरुंधती हसल्या. “काका, साधे पॉलिप आहेत. कॅन्सर नाही. ही गोळी किती वर्षं घेताय?”

“अकरा.”

“मग तिच्यामुळेच आले असावेत. तुम्हाला तिची गरज दिसत नाही, बंद करू. काहींना ती लागते, पण ते तपासून ठरवायचं. आणखी कोणाला देत तर नाही ना?”

कुमुदिनीबाई छताकडे बघू लागल्या.

जीव वाचल्याचा आनंद रिक्षात बसेपर्यंत टिकला. भूषणला खरं सांगावं तर अकरा वर्षांची वैद्यकी बुडते. न सांगावं तर तो गोळी गिळतच राहतो.

तो ओट्यावरच उभा होता. “काका, क्या निकला?”

मोहित्यांनी घसा खाकरला. “रोजची गोळी बंद कर. आधी तपासून घे. नवं संशोधन आहे.”

“किसका?”

“आमचंच समज.”

“ह्यांच्याच पोटात केलंय,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “अकरा वर्षं गोळ्या, सात पॉलिप.”

भूषणचा हात आपसूक पोटावर गेला. “तो मेरे में कित्ते होंगे?”

“ठाऊक नाही,” मोहिते म्हणाले. हे शब्द त्या ओट्यानं कधी ऐकले नव्हते. “उद्या मी येतो तुझ्याबरोबर.”

“रेन दो काका,” भूषण म्हणाला. “डॉक्टर मॅडमचा नंबर तेवढा द्या.”