धवलारणीची टाचणी

"टोच गो बाय," म्हणत ती हात पुढे करायची आणि अंबाड्यात खोचलेली टाचणी काढून द्यायची. तुम्ही दचकलात की हसायची.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागतेच. लग्नातले धवले ती गाते, नवरीला पहिली हळदही तीच लावते. थळच्या पलीकडच्या आमच्या गावात हा मान हिचा. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते, हिच्या समोरच राहायची. हिच्या हातांवर पांढरे चट्टे उठले आणि लोकांनी महारोग ठरवून टाकला. झालं! हळदीला कोणी बोलावीना.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून चट्ट्यांवर टाचणी टोचली. दर वेळी ती म्हणाली, "लागतंय." महारोगाचा चट्टा बधिर होतो, हे कोड, कातडीचा रंग जातो एवढंच, दुसऱ्याला होत नाही, असं त्यांनी समजावलं. मासळीवर दूध प्यायल्याचा दोष म्हणून बिचारीने मासळी सोडली होती, तीही खायला सांगितली. बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसायचं. रंग आलाच तर सावकाश येईल, खात्री नाही.

टाचणी तिने मागून घेतली. मग काय, भेटेल त्याच्यापुढे हात. विहिरीवरच्या बायका पदर सावरून लांब व्हायच्या. माझा नुसता जीव जळायचा.

सख्ख्या भाचीचं लग्न निघालं. डॉक्टर स्वतः जाऊन सांगून आले. मंडळींनी हात जोडून ऐकलं, चहा पाजला आणि हिला मांडवाबाहेर बसवलं. धवला काय, बाहेरूनही ऐकू येतो! हळद दुसरीनेच लावली. ही उन्हात बसून शेवटपर्यंत गायली. मी शेजारी जाऊन बसले, तर म्हणाली, "डागदर बोल्ला ना, उन्हान बस. बसलू."

मला हसू आलं आणि लगेच रडूही.

त्यानंतर तिने टाचणी कोणापुढे धरली नाही. तेल लावून दारात एकटीच बसायची. कोणाशी बोलणं नाही, गाणं नाही.

पुढच्या थंडीत तापाने गेली. आंघोळ घालायला जमलेल्या बायका ओटीवरच थांबल्या. सासरहून आलेल्या भाचीने आणि मी मिळून पाणी घातलं. तेव्हा दिसलं, मनगटावरच्या पांढऱ्यात नाचणीच्या दाण्यांसारखे सावळे ठिपके आले होते. रंग परतत होता. तिने कोणालाच दाखवलं नव्हतं.

भाचीने तो गार हात उचलला आणि आपल्या एका गालाला लावला, मग दुसऱ्याला. हळद लावतात तसा.