एक माल्ट, एक हॉप आणि इग्नेशियसकाका

"काका गेले गं..." वसईहून काकूंचा फोन आला, तेव्हा मी दुबईत, देरा भागात मेट्रोची वाट बघत होते. मी चळवळीची पत्रकं लिहून शिकलेली मुलगी, हळवं लिहायला मला जमत नाही. सरळच सांगते. इग्नेशियसकाका दुबईतल्या स्वयंपाकघरात बिअर करायचे. ते कायद्यात बसत नाही. आता त्यांना कोणी पकडू शकत नाही, म्हणून लिहितेय.

मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट होते. काका एका बांधकाम कंपनीत एचआर मॅनेजर, बडबडे आणि आपल्या बिअरबद्दल भलतेच गर्विष्ठ. एकाच जातीचं माल्ट, एकाच जातीचा हॉप, हा त्यांचा नियम. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळकी फुलं. "चार घातले की कुणी घाण केली ते कळत नाही," म्हणायचे. फुलं कसुरी मेथीच्या डब्यात लपवलेली असत. एकदा काकूंच्या बहिणीनं ती चिकनमध्ये चुरून घातली. सगळे मुकाट जेवले, कारण पाहुणीला खरं सांगणार कोण...

मग दोन हजार आठची मंदी आली. कंपनीनं माणसं काढली आणि पत्रं वाटायचं काम काकांकडे दिलं. मी संतापले. "तुम्ही नाही म्हणायचं होतं."

"मग दुसऱ्यानं वाटली असती."

"प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून तर यांचं फावतं."

सगळ्यांची पत्रं वाटून झाल्यावर कंपनीनं त्यांनाही एक दिलं. खलास.

कायमचं वसईला जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट करायची होती. ज्यांना आपल्या हातानं पत्रं दिली, त्यांतले जे अजून इथे होते त्यांना घरी बोलवायचं. ते येतील की नाही, याचा मात्र भरवसा नव्हता. माल्ट एका खेपेपुरतं उरलं होतं आणि हॉपच्या दोन पुड्या, दोन जातींच्या. कॅस्केडला पपनसाच्या सालीचा वास, कडवटपणा चढा. साझ मऊ, गवतासारखा. काकांनी दोन्ही चहासारखे गरम पाण्यात भिजवून कप माझ्यापुढे ठेवले.

"कॅस्केड," मी म्हटलं. "तुम्हालाही कडू लागलंय हे कळू दे त्यांना."

"घरी बोलावून माझं दुःख पाजू होय? गावडे शारजाहून त्या जाममधून येणार. त्याला काहीतरी हलकं हवं."

"आला तर."

"इन्शाल्ला," काका म्हणाले आणि साझची पुडी फोडली.

बाटल्या तयार होईपर्यंत काकू त्यांच्यावर चादर घालून धास्तावलेल्या. ठरल्या शुक्रवारी बरेच जण आले नाहीत. गावडे आला. साताऱ्याचा साइट इंजिनिअर. दारातच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी पत्र दिलंत, पण बस म्हणाला नाहीत."

"नाही म्हणालो," काका म्हणाले. "तोंड नव्हतं मला. आता बस."

गावडे बसला. घोट घेऊन त्यानं ग्लास उजेडात धरला. "एवढंच? मला वाटलं साहेबांची बिअर म्हणजे मेंदूला झिणझिण्या येतील."

"पी गुपचूप."

"पितोय की. अजून आहे ना?"

काकूंना हसू आवरेना. कंपनीचा राग माझ्या डोक्यातून तेव्हा गेला नाही, आजही नाही. पण त्या संध्याकाळी मी बाटल्या उघडायचं काम मनापासून केलं. गावडे हॉलमध्येच गादी टाकून झोपला. शारजात दारूला पूर्ण बंदी, पिऊन तिथे गाडी न्यायची सोय नव्हती.

परवा काकांच्या महिन्याच्या मिस्सेसाठी, चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, वसईला गेले. मागच्या पडवीत सुतळीवर चढवलेला एक खरबरीत पानांचा वेल दिसला. गावडेला पुढे हिमाचलात रस्त्याचं काम मिळालं. तिकडे हॉप पिकतो. तिथून त्यानं हॉपचं मूळ ओल्या गोणपाटात गुंडाळून स्वतः आणून दिलं होतं. वसईच्या हवेत त्याला फूल धरत नाही.

"नुसती पानं," काकू म्हणाल्या. "काढून टाकू म्हटलं तर हे म्हणायचे, गावडेनं आणलाय, असू दे."

ऊन चढत होतं. मी बादली भरून आणली.