कुंकवात अडकलेला ट्रिगर

दसऱ्याच्या सकाळी ऋजुताने पाटावर अक्षता टाकल्या, नमस्कार केला, गेमचा कंट्रोलर उचलून त्याचा तर्जनीखालचा उजवा ट्रिगर दाबला. ट्रिगर अर्ध्यावर जाऊन अडकला. वर येईना, खाली जाईना.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. नौपाड्यातल्या त्या एवढ्याशा ऑफिसात पूजेची हौस तिचीच. लॅपटॉप, की-बोर्ड आणि मधोमध कंपनीने गेम बनवायला आधीच दिलेलं, अजून बाजारात न आलेलं नवं गेमिंग कन्सोल कंट्रोलरसकट, सगळं मांडून तिने एकेकाला हळदकुंकवाचं ओलं बोट लावलं. मनापासून लावलं, म्हणून जरा जास्तच लागलं. तिच्या घरचा रिवाज असा की, एकदा पूजेला बसलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत. त्यामुळे कोणी हात लावला नाही आणि कुंकू फटीत वाळून घट्ट बसलं.

"अगं, देवीकडे नक्की काय मागितलंस तू?" तिचा भागीदार शौनक टूथपिक घेऊन धावला. "सुधीर सर येतायत. आज!"

ऋजुता डोंबिवलीची, मराठी शाळेत शिकलेली. कितीतरी वर्षं तिने एका विमा कंपनीसाठी पावत्यांचे प्रोग्रॅम लिहिले. दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करून यावं तसं ते काम. मग कॉलेजातल्या शौनकबरोबर तिने स्वतःचा गेम करायला घेतला. खाडीत होडी घालून जाळं ओढणाऱ्या एका बाईचा. तो गेम बाजारात आणायचा की नाही, ते आज पुण्याहून येणारे प्रकाशक सुधीर कर्णिक ठरवणार होते. नाही म्हणाले, तर गेम कपाटात आणि उद्यापासून पुन्हा दुसऱ्यांचे पावती-प्रोग्रॅम. शौनकने तसं आधीच बजावून ठेवलं होतं.

दोघांचं भांडण होतं ते या ट्रिगरवरूनच. नव्या कन्सोलचा ट्रिगर बोटाखाली आपोआप जड व्हायचा. जाळ्यात मासळी भरली की ओढताना बोट दुखायचं. शौनक त्याच्या प्रेमातच पडला होता.

"अरे, कन्सोलवाले दर नव्या मशीनला एक शेपूट लावतात," ऋजुता म्हणायची. "मागे टचपॅड लावला. लोक त्याच्यावर करतात काय, तर नकाशा उघडतात. बॅटरी टिकवा म्हणावं त्यापेक्षा."

"बघणाऱ्याने वा म्हणायला हवं गं."

"वा एकदाच म्हणतात. बाकीच्या मशीनवाल्यांना काय विकणार? त्यांच्यासाठी सगळा कोड परत कोण लिहिणार? मीच ना?"

म्हणून तिने जाळ्याचं वजन कोडमध्ये वेगळं ठेवलं होतं. ट्रिगर असेल तिथे तो जड होईल. नसेल तिथे दोर करकरेल, होडी कलेल, साधा कंट्रोलर थरथरेल. शौनकला कळलं तेव्हा तो भडकला होता. "काढून टाक ते. आपला वेळ खातंय."

तिने काढलं नाही. नुसतं बंद करून ठेवलं आणि त्याला 'बंद केलं' एवढंच सांगितलं.

बेल वाजली.

"मी व्हिडिओ दाखवतो," शौनक कुजबुजला. "मशीन गरम झालं म्हणून सांगू."

"सणासुदीला खोटं बोलू नकोस रे."

सुधीर सर खुर्चीत टेकतात न टेकतात तोच तिने सांगून टाकलं, "सर, ट्रिगर अडकलाय. कुंकू मीच लावलं."

सरांनी कंट्रोलर हातात घेतला. हसले नाहीत. "कंपनीचं सील आहे, म्हणजे उघडता यायचा नाही. मग मी आलोय कशाला?"

शौनकने मान खाली घातली. ऋजुताने ड्रॉवरमधून जुना, साधा कंट्रोलर काढून लॅपटॉपला जोडला. त्याच्या अंगठ्याने फिरवायच्या काडीवरचं रबर झिजलं होतं. कोडमध्ये बंद ठेवलेलं ते वजन तिने चालू केलं आणि मनात अंबाबाईचं नाव घेतलं. दोघांनी मिळून हे कधी नीट खेळून बघितलंच नव्हतं.

होडी खाडीत शिरली. जाळं पडलं. सर ओढू लागले. दोर करकरला, होडी एका बाजूला झुकली, आणि सरसुद्धा खुर्चीत तिच्याबरोबर झुकले. त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं. जाळं फाटलं.

"अरेरे!" सर ओरडले आणि न विचारता त्यांनी पुन्हा सुरू केलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. "शौनक, तुझा हा अडकलेला कंट्रोलर कंपनीकडे परत जाईल. दुसरा येईपर्यंत, नव्या कन्सोलबरोबर जे गेम झळकणार आहेत, त्यांची यादी बंद झालेली असेल. ते विसर आता."

शौनकचा चेहरा पडला.

"पण हे बाकीच्या मशीनवर कधी चालेल?" सरांनी विचारलं.

"चालतंय सर," ऋजुता म्हणाली. "तुम्ही आत्ता खेळलात ते लॅपटॉपवर, जुन्या मशीनच्या कंट्रोलरने."

"मग करार त्याचाच करू. सगळ्या मशीनसाठी." दारात ते वळले. "आणि ताई, पुढच्या वर्षी कुंकू खोक्याला लावा."

दार लागलं. शौनक तिच्याकडे वळला.

"बंद केलं म्हणालेलीस."

"बंदच होतं. काढलं नव्हतं."

"लबाड आहेस."

त्याने पुन्हा टूथपिक उचलली आणि ट्रिगरच्या फटीत घातली.

"अरे, आता कशाला?"

"परत द्यायच्या आधी मला एकदा तरी याच्यावर जाळं ओढायचंय."

ऋजुताने खुर्ची जवळ ओढली आणि त्याच्यासाठी मोबाईलचा टॉर्च धरून बसली.