आत्या फाइलींचे ठसे घेते

आमच्या मजल्यावर बोलवा आहे की माझी आत्या पोलिसांसाठी चोरांच्या बोटांचे ठसे घेते. लिफ्टमध्ये ती शिरली की लोक हात खिशात घालतात.

ठसे घेते हे खरं, पण फाइलींचे. तिची कंपनी दुकानांना बिलं करायचं सॉफ्टवेअर विकते आणि त्यातले निम्मे तयार भाग बाहेरून आणते. कॉम्प्युटर अख्ख्या फाइलीतून आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ काढतो. आत स्वल्पविराम हलला तरी ओळ पार बदलते. बनवणाऱ्याने जाहीर केलेल्या ओळीशी ती जुळली तर फाइल ओळखीची. नाही जुळली तर आत्या तिला उंबऱ्यावरूनच हाकलते, नाक वर करून.

परवा जेवणाच्या टेबलावर तिचं ऑफिस भरलं होतं. स्पीकरवर साहेब.

"मॅडम, बेसिकली फाइलीचं नाव तेच आहे."

"नाव काय, कुणीही लावतं. ठसा जुळत नाही. मी हिला ओळखत नाही."

"अहो, मीच डाउनलोड केलीय."

"मग तुमच्या ओळखीची असेल."

"संध्याकाळी माल गेला नाही तर बेसिकली उद्या तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल."

फोन ठेवल्यावर आत्याचा चहा तसाच निवला. मी साहेबांची नक्कल करत म्हटलं, "संध्याकाळपर्यंत तू मुकाट्याने 'हो' म्हणशील. लाव पैज. हरलीस तर तुझी खोली माझी."

"आणि तू हरलीस, कार्टे, तर महिनाभर कुणाचीही नक्कल बंद."

तिने तीच फाइल बनवणाऱ्याकडून नव्याने उतरवली. तिचा ठसा जुळला. मग दोन्ही शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहिली. फरक एकाच जागी: मूळ कर्त्याचं नाव खोडून तिथे साहेबांचं घातलेलं, पुढे 'साहेब' सकट.

तिने फोन लावला. "साहेब, तुमचं नाव सापडलं."

स्पीकर खरखरला.

"बेसिकली मी तुमची परीक्षा घेत होतो, मॅडम. पास झालात."

खरी फाइल वेळेत गेली, खुर्ची राहिली, खोलीही तिचीच राहिली.

फोन ठेवून आत्याने घसा खाकरला आणि "बेसिकली" म्हणाली. हुबेहूब साहेब, त्या खरखरीसकट. माझ्यापेक्षा सरस. मी तोंड मिटून ऐकत बसले.