चाळीस मिलिमीटर आणि वर अर्धा इंच

टेलरमास्तरांनी तोंड उघडलं की डावा जबडा कटकन वाजायचा आणि कळ थेट कानात जायची. घास कसाबसा चावता येई, बोलणं मात्र 'हं' आणि 'बरं'वर आलं होतं. नेमकं त्याच सुमारास परगावी नोकरीला असलेल्या मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, मी लग्न ठरवतेय. तुम्हाला चालेल ना?" मास्तर "हं" म्हणाले. मुलगा त्यांना मनापासून पसंत होता, पण पुढं बोलवेना. दुखण्याचं रडगाणं लेकीला ऐकवायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. आठवड्यामागून आठवडे बाप गुळणी धरून बसला, असंच तिला वाटत राहिलं.

मास्तरांनी मोबाईलवर व्यायाम शोधले. एका पानावर होतं, 'अधोहनूचे पार्श्व विचलन टाळून नियंत्रित अवनमन करावे.' तीनदा वाचलं, तिन्ही वेळा डोक्यावरून गेलं. दुसरं पान म्हणे हनुवटी खाली ओढा, तिसरं म्हणे हात लावाल तर खबरदार. लिहिणारा कोण, याचा कुठंच पत्ता नाही. चौथ्यावर एकदाचा आकडा सापडला: तोंड चाळीस मिलिमीटर उघडा. मास्तरांच्या जिवात जीव आला. गळ्यातली टेप घेऊन ते आरशासमोर बसले. पण पस्तीस वर्षांत त्यांनी कुठलंही माप नेमकं तेवढंच कापलं नव्हतं. शिवणीत दुमडायला ठेवतात ती अर्धा इंच माया त्यांनी इथंही धरली. जबडा निखळला आणि तोंड उघडंच राहिलं.

तोंडावर रुमाल धरून ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जबडा बसवला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मोबाईलवरची पानं बघून कपाळाला हात लावला.

"काका, आधी दोन आठवडे विश्रांती. मग जिभेचं टोक टाळूला लावायचं आणि ते सुटणार नाही एवढंच तोंड उघडायचं. दुखलं की थांबायचं."

"एवढंच?" मास्तर दातांतल्या दातांत म्हणाले.

"एवढंच."

दीड महिन्यानं मास्तरांनी स्वतःहून फोन लावला. हॉल, पाहुणे, जावयाच्या कोटाचं कापड, सगळं एका दमात बोलून टाकलं.

"ऐकतेस ना गं?"

"बाबा, मी त्याला मागच्या महिन्यातच नाही म्हणून सांगितलं. तुम्ही बोलेनात, म्हटलं तुम्हाला नकोच असेल."

मास्तरांनी कापडावर खुणा करायचा खडू उचलला.

"त्याचा नंबर दे," ते म्हणाले. "मी बोलतो त्याच्याशी."