राखणदाराचं कलम

माझा भाचा प्रज्योत म्हणजे गोव्यातल्या आमच्या सुर्ला गावातला सगळ्यात हुशार माणूस, आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी. सकाळी पाववाला पदेर दारात भोंगा वाजवतो आणि हा उंबऱ्यावर उभा राहून ठरवतो, उंडो घ्यावा की कोंड्याची पोई. पदेर पुढच्या वाड्यावर पाव वाटून परत येतो तरी ह्याचं ठरलेलं नसतं. शेवटी मीच ओरडते.

अशा माणसानं जावास्क्रिप्टची लायब्ररी लिहिली. ती आपल्या ॲपला जोडली की कुठल्या गावची जत्रा कुठल्या तारखेला ते आपोआप कळतं. पणजीच्या एका कंपनीतल्या सिद्धीला ती हवी होती. "पण लायसन्स नसेल तर वापरता येत नाही," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत लाव, नाहीतर आम्ही दुसरी बघतो."

पुढ्यात दोन लायसन्स. एमआयटी म्हणतं, घ्या, वाटेल ते करा, फक्त माझं नाव ठेवा. जीपीएल म्हणतं, घ्या, पण बदल करून लोकांना वाटलंत तर तुमचंही सगळं उघडं करा. ह्याला धड जेवण जाईना. "आते गो, कुणी माझं नावच पुसलं तर?" एवढंच चाललेलं. मला कीव आली आणि रागही.

ओढतच देवळात नेला. कौल लावला, देवाच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या: उजवी आधी पडली तर एमआयटी, डावी पडली तर जीपीएल. गुरव दत्तारामनं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान काय केल्यान ता तुका ठाऊक, माका काय्येक कळाक नाय. तेका वाट दाखय." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." उजवी पडली.

देवानं सांगितल्यावर तरी माणसानं गप्प बसावं. ह्यानं घरी येऊन एमआयटीच्या खाली स्वतःचं कलम जोडलं: जो नाव पुसेल त्याला राखणदार बघून घेईल.

गुरुवारी सिद्धीचा फोन. "आमचे वकील विचारतात, हे राखणदार कोण? त्यांचं ऑफिस कुठं आहे?"

आमचा राखणदार म्हणजे देव, तो खनिजाच्या ट्रकांच्या जुन्या रस्त्यावर, वळणावरच्या वडाखाली असतो आणि काठी घेऊन गावाची शीव सांभाळतो, हे वकिलाला कोण सांगणार? कलम ठेवलं तर पणजीची कंपनी जाणार, काढलं तर ह्याची झोप.

"मेल्या," मी म्हटलं, "नाव ठेवा हे एमआयटीत लिहिलेलंच आहे ना? आणि राखणदार काय कागद वाचून येतो?"

त्यानं कलम काढलं.

सिद्धीच्या कंपनीचं ॲप आलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत प्रज्योतचं नाव होतं. चष्मा लावून वाचलं. डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी वळणावरून येताना बघते तर वडाखाली राखणदाराला नैवेद्याची विडी ठेवलेली, आणि शेजारी उंडो आणि पोई, दोन्ही. घरी येऊन विचारलं, "अरे, त्याला तर तू काढलंस ना?"

"लायसन्समधनं काढलं आते," प्रज्योत म्हणाला, "कामावरनं नाही."