कफांखालची कातडी

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं: ल्युपस आहे, उन्हात जायचं नाही. उन्हाने आजार पुन्हा भडकला तर या वेळी किडनीला धरेल. मी एरवी कोणाचं ऐकणारी नाही, पण हे ऐकून घाबरले. गॅलरीत कपडे वाळत घालायलासुद्धा छत्री घेऊन जायला लागले. सासूबाईंना हसू यायचं.

पण वर्तकनगरहून टेंभी नाक्याला ऑफिसला जायचं ते स्कूटरवरून. तिथे छत्री कशी धरणार? सासूबाईंनीच तोड काढली. "अगं, उन्हात पांढरं सुती घालावं. तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं." त्यांनी माझ्या नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट काढून दिला. आमच्या घरात तान्ह्या बाळापासून आजाऱ्यापर्यंत सगळ्यांना जुनाच कपडा देतात. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर मी तो चढवायचे. घामाने भिजून अंगाला चिकटायचा, तेवढाच गारवा. चैत्रभर मी त्या शर्टात निर्धास्त फिरले.

एका रविवारी दुपारी हात धुताना मनगटांकडे लक्ष गेलं. दोन्हीकडे चार बोटं रुंद गोरी पट्टी, आणि तिच्या वर खांद्यापर्यंत हात लालभडक. चोळून पाहिलं, तर आग झाली. पट्ट्या होत्या तिथे शर्टाचे कफ यायचे. कापड दुहेरी होतं तेवढीच कातडी वाचली होती. शर्ट खिडकीशी धरला, तर समोरच्या गॅलरीतल्या बाईच्या साडीचा रंगही त्यातून दिसला. इतके दिवस मी उन्हात जवळजवळ उघड्या हातांनीच फिरत होते.

"विरळ झालेल्या पांढऱ्या कापडातून ऊन आत येतं, ओलं असेल तर जास्तच. जाड, गडद, घट्ट विणीचं घालायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लघवीची तपासणी लिहून दिली. सासूबाई घरी तो शर्ट मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. त्यांना बोल लावायचंही बळ माझ्यात नव्हतं. किडनीशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाइलवर येणार होता. मी पडदे ओढून, जीन्सचं जाकीट घालून पंख्याखाली बसले होते. फोन वाजला.

"आला का रे रिपोर्ट?"

"आला. तू जेवलीस का?"

"काय आलंय त्यात?"

"घरी येतो, मग बोलू."

चांगली बातमी असली, की हा माणूस फोनवरच ओरडून सांगतो.